गिरजामावशीची तीनशे पंचाहत्तर

रानगव्याच्या शिकारीला कोणती रायफल न्यावी, हे साकोलीजवळच्या आमच्या गावात गिरजामावशी सांगायची. तिने आयुष्यात बंदुकीला हात लावला नव्हता.

मी एकाहत्तर साली तिथल्या पोस्टात लागलो आणि तिच्या शेजारची खोली घेतली. नवरा वारल्यापासून ती एकटीच राहायची. तेव्हा परवाना काढून शिकार करता येई. जंगलाकडे निघालेले शिकारी गावात वाटाड्या मागत, आणि लोक सरळ मावशीच्या ओसरीकडे बोट दाखवत. तिने हो म्हटल्याशिवाय कुणी वाटाड्या पाऊल उचलत नसे.

मावशी पाहुण्याकडून एक काडतूस मागून घ्यायची, मुठीत धरायची आणि डोळे मिटायची. फाल्गुनातली दुपार, हवेत मोहाचा वास, तळ्यावरून येणारी झुळूक, आणि मावशी कुठेतरी लांब निघून गेलेली. पाहुणाही नकळत हळू श्वास घेऊ लागे. ती पुटपुटायची, "कातडं... चरबी... फासळी..."

एकदा एक ठेकेदार आला. गळ्यात दुर्बीण, खांद्याला तीनशे पंधरा बोअरची कोरी रायफल.

"गोळी फासळीपाशीच थांबली," मावशी डोळे उघडून म्हणाली. "हे चितळाले ठीक आहे, बाबू. रानगव्याले म्हंजे पाठ खाजवून देल्यावानी होते."

"माझा नेम चांगला आहे, बाई."

"नेम चांगला असंन. गोळी हलकी आहे ना. तीनशे पंचाहत्तर आना, जड गोळीची. खानदानी चीज आहे. आत शिरली का मधात थांबत नाही."

"तुम्ही कधी चालवलीय?"

"मी कायले चालवू? मले सैपाक राहते."

ठेकेदार हसला आणि गावभर फिरला. वाटाड्या मिळाला नाही. शेवटी मावशीनेच त्याला मासोळीचा रस्सा अन् भात वाढला आणि परत पाठवला. जाताना तो रायफलीपेक्षा रश्श्याचीच जास्त चौकशी करत होता.

पुढे कायदा आला. शिकार बंद झाली. काडतूस घेऊन कुणी येईना. मावशी दुपारभर ओसरीवर नुसती बसून राही. एक दिवस मला राहवलं नाही. तिला जरा बोलतं करावं म्हणून विचारलं, "मावशी, एवढं सगळं तुम्ही शिकलात कुठे?"

तिने तळ्याकडे तोंड फिरवलं.

"आमचे हे वाटाडे होते," ती म्हणाली. "शिकारीले आलेल्या साहेबाजवळ तीनशे पंधरा होती. गोळी खांद्यात अडकली अन् गवा पलटून अंगावर आला. साहेब मांगं होता, झाडावर चढला. हे पुढं होते."

मी तिच्याशेजारी ओसरीवर बसलो.

"लोकायनं यायले घरी आनलं. रातभर जीव होता." ती पुढे म्हणाली, "गवा मंग चार दिवस जगला म्हनते. नाल्यात पडून होता. यायच्याजवळ मी तरी होती, बापू. त्याच्याजवळ कोनीच नव्हतं."