निसर्गात येणारी माणसं

रविवार, २१ जानेवारी १९९६. सकाळचे पावणेसात. स्थळ: नेरुळच्या खाडीवरची सारसोळ्याची जेट्टी.

हजर: मी, शिंदे मुकादम आणि त्यांची बायको सुमन, कोळंबीच्या पाटीसकट हिराबाई, शिवाय एक पिवळं कुत्रं, ज्याला कुणी बोलावलं नव्हतं. कॅमेऱ्यामागे केळुसकर काका.

ही नोंद मी त्याच दिवशी वहीत केली, कारण घटनाच तशी होती. काका चक्क माणसांचा फोटो काढत होते. याच काकांनी गेली सहा वर्षं आम्हाला याच जागेवरून हाकललं होतं.

काका माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. टपाल खात्यात सॉर्टिंगला होते. निवृत्त झाल्यावर नेरुळला फ्लॅट घेतला आणि एक नेम धरला: रोज सकाळी खाडीपर्यंत चालत जायचं आणि एक फोटो काढायचा. एकच. छत्तीस फोटोंचा रोल त्यांना बरोबर छत्तीस दिवस पुरतो.

एकदा आम्ही बांधावर उभे असताना ओहोटीच्या चिखलातून शेकडो रोहित पक्षी एकदम उठले. सगळं आकाश आतून गुलाबी झालं. मी काकांकडे पाहिलं, तर ते कॅमेऱ्याच्या कव्हरचं बटण लावत होते. त्या दिवसाचा फोटो पाच मिनिटांपूर्वीच होऊन गेला होता. एका खेकड्याचा.

"अहो काका, काढा ना!"

"दिवसाला एक. दुसरा काढला की पहिल्याला वाईट वाटतं."

"कुणाला, खेकड्याला?"

"फोटोला, सेक्रेटरीबाई."

मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. टाकी धुण्याची तारीख, बंद पडलेले दिवे, लिफ्टवाल्याला करायचे फोन, सगळं माझ्या वहीत असतं. सकाळी चालतानासुद्धा मी दिवसाची कामं मनात लावत असते. पण त्या बांधावर पोचलं की काहीतरी होतं. पाठीमागून डोंगरावरून ऊन येतं आणि आधी तिवरांचे शेंडे उजळतात, मग पाणी. पाणी आणि धुकं कुठे वेगळं होतं ते कळत नाही. एखादी होडी जाते ती पाण्यावरून की हवेतून, तेही नाही. पलीकडे मुंबई असते म्हणतात. हिवाळ्यात ती पुसून गेलेली असते. अशा वेळी माझी कामांची यादी चौथ्या कामावर थांबते आणि पाचवं आठवत नाही.

आणि तेवढ्यात मागून हाक येते, "बाजूला व्हा! निसर्गात येताय!"

काकांच्या फोटोत माणूस चालत नसे. सावलीही नाही. शिंदे मुकादम आमच्याच इमारतीतले, मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात हमालांच्या टोळीवर मुकादम. ते म्हणायचे, "आवं काका, पाठीवर गोणी आसताना बी मला कुणी एवढं बाजूला सारलं न्हाई."

हिराबाई सारसोळ्याची. होडीवरून कोळंबी उचलून आमच्या इमारतींत विकते. ती मात्र हलायची नाही. पाटी कमरेवर घेऊन तिथेच उभी राहायची. "आदी कोन आलं हितं, काका? मी का तुमचा निसर्ग?"

"दोन मिनिटं, हिराबाई."

"तुमची दोन मिन्टं झाली का माजी कोलंबी मरल."

"ती मेलेलीच आहे."

"आजून मरल!"

काका मग तिच्या पाटीला वळसा घालून चिखलात उतरायचे.

रोल धुऊन आला की छत्तीसच्या छत्तीस फोटो पाकिटात घालून काका गिरगावला पाठवत. तिथे चाळीतल्या खोलीत त्यांचा मुलगा, सून, नातू आणि काकू. काकू इकडे राहायला आल्याच नव्हत्या. आधी नातू लहान म्हणून, मग त्याची शाळा म्हणून. काका गणपती-दिवाळीला तिकडे जात. मला वाटायचं, त्यांचं ठीक चाललंय. माझ्या वहीत याची नोंदही नव्हती.

काकांकडे फोन नाही, म्हणून रविवारी अकरा वाजता काकूंचा फोन आमच्याकडे येतो. डिसेंबरात एकदा काका यायला उशीर झाला आणि मी सहज विचारलं, "काकू, तुम्ही येणार कधी? काका फोटो तर किती पाठवतात."

"अगं, त्या फोटोंमुळेच तर पाऊल उचलत नाही," काकू म्हणाल्या. "सहा वर्षं बघतेय. पाणी, झाडं, पक्षी. एक माणूस नाही गं तिथे! रात्री पोटात दुखलं तर दार कुणाचं वाजवायचं? बगळ्याचं?"

काका आले, फोनवर बोलले, फोन ठेवला. मग मी त्यांना ते सांगितलं. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी ऐकून घेतलं.

"तिला गर्दीचा त्रास होतो," ते म्हणाले. "चाळीत सारखी म्हणायची, मेलं जरा कुठे मोकळं बघायला मिळत नाही. म्हणून मी..."

चहा घेतला नाही.

त्यानंतर जानेवारीतली ती एकवीस तारीख. "जवळ या. अजून जवळ. सुमनताई, हसा. हिराबाई, पाटी पुढे." आम्ही इतके बावरलो होतो की शिंदेंनी दोनदा बाजूला होऊन खाडीला वाट करून दिली. फोटोच्या मागे मी नीट लिहिलं: डावीकडून कोण, कुठे राहतं, डॉक्टरांचा दवाखाना किती पावलांवर. काका शेजारी उभं राहून सांगत होते, "लिहा, शिंदेंची बायको रात्री केव्हाही दार उघडते."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी काकूंचा फोन दहालाच आला. काका दूध आणायला गेले होते.

"फोटो मिळाला," त्या म्हणाल्या. "पाटीवाली छान दिसते. कोळंबी ताजी देते का?" मग म्हणाल्या, "सगळे दिसले गं. हे कुठे आहेत?"

"ते फोटो काढत होते."

"सहा वर्षांत एकदाही नाहीत. इथे येतात ते पाहुण्यासारखे, खुर्चीत बसतात, जातात. तिथे कसे दिसतात ते मला बघायचंय. एक पाठव. मग चैत्रात यायचं का ते ठरवते."

मी वहीत लिहिलं: काकांचा फोटो काढणे. माझ्या मते पाच मिनिटांचं काम.

सोमवारी मी बांधावर हात पुढे केला, "द्या कॅमेरा." काका म्हणाले, "आज नको, केस कापायचेत." मंगळवारी शर्ट इस्त्रीला गेला होता. बुधवारी अडचण निघाली चष्म्याच्या काडीची, ती दोऱ्याने बांधलेली. "तिला लगेच दिसेल," ते म्हणाले. "मग म्हणेल, एवढंही बघत नाहीत स्वतःचं."

आज, गुरुवारी, केस कापलेले होते, शर्ट कडक होता, काडी दुरुस्त झाली होती. त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि जेट्टीच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. मागे सगळं पांढरं, शांत. मी कॅमेऱ्याला डोळा लावला. काकांनी हात मागे घेतले, मग पुढे, मग खिशात घालून पुन्हा बाहेर काढले.

"सेक्रेटरीबाई," त्यांनी हळूच विचारलं, "हात कुठे ठेवायचे असतात?"

मी माझ्या हातांकडे पाहिलं, तर ते दोन्ही कॅमेऱ्यावर होते. तेवढ्यात त्यांनी येऊन कॅमेरा परत घेतला, म्हणाले, उद्या नक्की.

काम बाकी आहे.