हसरी बाई चालणार नाही

लोकशाहीचं काम करायचं तर आधी लोकशाही नसलेलं गाव मिळावं लागतं, आणि ते वाटतं तितकं सोपं नाही.

१९९५ साली आमच्या लोकहक्क प्रबोधन मंडळाने (मेहरूण, जळगाव, अध्यक्षांच्या जिन्याखालची खोली) एका परदेशी संस्थेकडे अनुदानाचा प्रस्ताव धाडायचं ठरवलं. चिटणीस भाईदासभाऊ गाव शोधायला निघाले. पहिल्या गावात मानवी हक्क शाबूत निघाले. दुसऱ्या गावात ते रीतसर तुडवले जात होते, पण तिथवर जीप जात नव्हती. अखेर पारोळ्याच्या बाजूला मनासारखं गाव सापडलं. तिथली ग्रामपंचायत कायम बिनविरोध. मळ्यात वांगी भाजायची, भरिताची पंगत बसवायची आणि हात धुवायच्या आत सगळे सभासद ठरवून मोकळं व्हायचं, अशी रीत. (पंगतीला बायकांना बोलावत नाहीत, त्यामुळे बायकांचा विरोध आजवर कुणाच्या कानावर आलेला नाही.)

त्या वर्षी बायकांच्या राखीव जागेचं नावही पंगतीनेच ठरवलं. ज्या बाईंचं ठरलं त्यांना ते दुसऱ्या दिवशी कळलं. धुरपदाबाई नावाची कापूस वेचणारी बाई मात्र म्हणाली, मी उभी राहणार. गावाने तिच्याशी बोलणं टाकलं, गिरणीवाल्याने दळण परत पाठवलं. हे ऐकून भाईदासभाऊंना आनंदाने गहिवरून आलं.

"बठ्ठा गावनं ठरनं म्हनतस," ती आम्हाला म्हणाली, "मंग मी काय गावबाहेरनी शे?"

सगळ्या गावात आपण धरलेलो नाही का, असं विचारणारं हे वाक्य आम्ही इंग्रजीत केलं. इंग्रजीत ते फारच करुण झालं.

प्रस्तावाला 'हक्कवंचित व्यक्तीचं छायाचित्र' जोडणं सक्तीचं होतं. फोटोचा दिवस आणि उमेदवारी अर्जाचा शेवटचा दिवस नेमका एकच आला. मंडळाने उदार मनाने ठरवलं, आधी फोटो काढू, मग बाईला आपल्याच जीपने तालुक्याच्या कचेरीत सोडू. धुरपदाबाई नवं लुगडं नेसून, अर्ज पिशवीत घालून तयार होती. फोटोग्राफर बन्सीलालने तिच्याकडे पाहिलं आणि कॅमेरा खाली घेतला. बाई हसत होती.

तिला जुनं लुगडं नेसायला लावलं. पडक्या भिंतीपाशी बसवलं. शेजारची शेळी आणून बांधली. हसू काही जाईना.

"अक्का, जरा दुःखी व्हा," बन्सीलाल काकुळतीला आला.

"भाऊ, तीन वाजता कचेरी बंद व्हस. पहिले फारम भरू द्या, मंग तुम्ही सांगशात तितली रडसू."

भाईदासभाऊंनी मायेने समजावलं, की अर्ज भरल्यावर तुम्ही वंचित राहत नाही, आणि तुम्ही वंचित नसाल तर आम्ही इथं कशाला आलो? जीपची किल्ली भाऊंच्या खिशात होती आणि एसटी सकाळीच गेली होती. आम्ही शांतपणे थांबलो.

तीन वाजून गेले. तिने एकदा रस्त्याकडे पाहिलं, पिशवी मांडीवर ओढून घेतली, आणि बन्सीलालने बटण दाबलं. एका फटक्यात उत्तम फोटो आला. मला त्या दिवशी मंडळाचा खरोखर अभिमान वाटला.

गाव बिनविरोध राहिलं, अनुदान मंजूर झालं.

प्रस्तावात 'अपेक्षित परिणाम' असा एक रकाना होता. भाऊंनी त्यात लिहिलं होतं: 'ही हकिगत कळल्यावर सुजाण लोक हळहळतील, मंडळाला नावं ठेवतील आणि आपापल्या कामाला लागतील.' वाचकहो, यांतल्या दोन गोष्टी आपण वेळेत पूर्ण केल्यात. तिसरीबद्दल मंडळाला कधीच शंका नव्हती.