खंडारे काकांचा न बसणारा गोळा

कुंभाराचं चाक सुरू करण्याआधी खंडारे काका डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात आणि मग मागे वळून ओरडतात, "दरवाजा लावा!" मागे काशीताईंची शेळी असते.

काका आमचे शेजारी. देऊळगाव राजाहून जालन्याला एसटीची लाल गाडी नेण्यात त्यांचा जन्म गेला. रिटायर झाल्यावर दोन महिने घरात बसून पंख्यावर चिडले आणि एक दिवस तरातरा कुंभारगल्लीत काशीताईंकडे गेले.

"मले मडकं शिकवा."

"काऊन भाऊ? इकत घ्या ना."

"चाकावर हात बसेल हाय माहा. आठ दिवसांत रांजण काढतो."

काशीताईंनी महिनाभर त्यांना चाकाजवळ फिरकू दिलं नाही. आधी हातकाम! गोळ्यात अंगठा खुपसायचा आणि कडा दाबत दाबत वाटी करायची. काकांची पहिली वाटी बघून मी तिची बरीच स्तुती केली. मग काकांनी ती सुलटी केली, तेव्हा कळलं की इतका वेळ मी ती उलटीच धरली होती. नंतर मातीच्या लांब वळ्या करून एकावर एक रचायच्या. ते भांडं एका अंगाला झुकलं.

"वळण हाय तिथं," काका म्हणाले.

अखेर चाक मिळालं. विजेच्या मोटारीचं, पायाने वेग द्यायचं. काका खूश. "हे अ‍ॅक्सिलेटर झालं. ब्रेक कुठी?"

"पाय उचला भाऊ. थोच ब्रेक."

काकांनी घाबरून पाय उचलायच्या ऐवजी दाबला. गोळा सुटला तो थेट माझ्या पांढऱ्या शर्टावर. मी शाळेत निघालो होतो. त्या दिवशी सातवीच्या वर्गाने माझं व्याकरण सोडून माझं पोटच बघितलं.

चाकावर गोळा बरोबर मधोमध बसावा लागतो, नाहीतर भांडं थरथरत फाटतं. ही पहिलीच पायरी. काकांचा गोळा काही बसेना. कधीही विचारा, उत्तर एकच, "अलायमेंट गेली हाय." गल्लीत त्यांची टिंगल व्हायची, आणि त्यात मी पुढे.

"गप बैस बे मास्तर," ते म्हणायचे, "तुले तं सायकलबी सरळ चालवता येत नाही."

गेल्या रविवारी मी माठ घ्यायला गेलो. काका चाकावर होते. कोपरं मांड्यांना टेकवलेली, हात ओले. गोळा असा फिरत होता की फिरतोय हे कळतच नव्हतं. बघता बघता त्यातून पातळ काठाचं, सुबक बोळकं वर आलं.

मी थक्क. काशीताईंना हळूच विचारलं, "हे कधी जमलं?"

"दोन महिने झाले," त्या कुजबुजल्या. "कोनाले सांगू नका."

तेवढ्यात फोन वाजला. काकांची लेक वैशाली पुण्याला नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी हौसेने मातीकाम शिकते. काकू गेल्यापासून बापलेकीचं फोनवरचं बोलणं मला भिंतीपलीकडून पाठ झालं होतं. "जेवली का?" "हो. तुम्ही?" "हाव. ठेवतो."

काकांनी मातीने माखलेल्या बोटानेच स्पीकर लावला.

"पप्पा, आज बसला का गोळा?"

काकांनी समोरच्या बोळक्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी ते दाबून टाकलं.

"कुठी बसते बाई! आजबी हालूनच राह्यला. सांग बरं पुन्हा, पहिल्यापासून."

"कितीक खेपा सांगू, पप्पा!" ती हसायला लागली. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. निवांत बसली असावी. "आंधी हात ओले करा."

काकांनी हात पाण्यात बुडवले.

"हाव. केले. पुढं सांग."