सत्तावीस नंबरचा पालक

माझ्या टेबलावरून निघालेला कागद उशिरा पोचला, असं गेल्या बावीस वर्षांत एकदाही झालेलं नाही! हे मी स्वतःच सांगतो आहे, कारण दुसरं कोणी सांगत नाही. मी शाळेच्या कार्यालयात हेडक्लार्क आहे. मुलं मला पाठीमागे 'पोचपावती' म्हणतात. मला ते ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर थोडंसं आवडतंही.

दरवर्षी या दिवसांत आमच्याकडे एक अजब काम निघतं. शेवटच्या वर्गाची परीक्षा व्हायला चार महिने असतात, आणि मोठी विद्यापीठं मात्र आत्ताच विचारतात की या मुलाला किती गुण पडतील? बाजारात तुरी म्हणतात, तसलाच प्रकार! मग प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने अंदाज बांधून श्रेणी लिहून द्यायची, आणि ती शाळेने मुदतीच्या आत विद्यापीठाला मेलने कळवायची. ती पोचली नाही तर अर्ज बाद. मूल कितीही हुशार असलं तरी बाद.

मागच्या वर्षी या कामाचा पार बट्ट्याबोळ झाला होता. एका मुलाने तर वडिलांची सही वडिलांपेक्षा चांगली केली होती. म्हणून यंदा मी नियमावली तयार केली. फॉर्मवर चार शिक्षकांनी श्रेणी लिहायची, खाली पालकाची सही, आणि फॉर्म खिडकीबाहेरच्या पेटीत. सही प्रवेशाच्या फायलीतल्या सहीशी जुळली पाहिजे. फॉर्मात चूक असली तर तो टपालाने घरी परत. हातात द्यायचा नाही, कारण हातात दिला की लोक खिडकीत रडतात, भांडतात, नाहीतर कुठल्यातरी मामांची ओळख काढतात. दुरुस्त फॉर्म पालकाने स्वतः रांगेत उभं राहून द्यायचा. मुख्याध्यापिकाबाईंनी नियमावलीवर लगेच सही केली. ती न वाचता केली असा माझा दाट संशय आहे.

यंदा असे अर्ज करणारी एक्केचाळीस मुलं होती, आणि त्यांत आमची लेकही होती. तिला जनावरांचं डॉक्टर व्हायचंय. हे खूळ आजचं नाही. आमच्या घरात एक डोळा गेलेलं मांजर आहे, आणि माझ्या नव्या बुटांच्या खोक्यात पाय मोडलेलं कबूतर राहतं. तिला हव्या त्या विद्यापीठात जागा चाळीस आणि अर्ज हजारो. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत. त्याच्यापुढे एक मिनिट नाही.

आता हेडक्लार्कची मुलगी म्हटल्यावर चार लोक बोलणारच. म्हणून मी तिला पहिल्याच दिवशी बजावलं, "शाळेत मी तुझा बाबा नाही. खिडकीत आलीस की साहेब म्हणायचं."

त्यापुढे जाऊन मी असंही ठरवलं की फॉर्म तपासताना नावावर स्टीलची पट्टी ठेवायची आणि फक्त नंबर बघायचा. सहायक बाईंनाही ताकीद दिली की काहीही झालं तरी माझ्यासमोर नाव उच्चारायचं नाही. या बाई सहा महिन्यांपूर्वी आमच्याकडे आल्या, आणि मी सांगितलेला शब्द त्या काळ्या दगडावरची रेघ मानतात. अशी माणसं आजकाल मिळत नाहीत.

सोमवारी सकाळी मी नाश्ता करत होतो. लेकीने बशीशेजारी एक कागद आणि पेन ठेवलं. मी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

"घरात शाळेचं काम नाही," मी म्हणालो. "ऑफिसात दे, बघतो."

"ऑफिसात दिलं की कराल ना?"

"सगळ्यांचं करतो, तुझं नाही का करणार?"

बायको आतून म्हणाली की एक सही करायला काय जातं? त्यावर मी तत्त्व या विषयावर दहा मिनिटं बोललो. तेवढ्या वेळात चाळीस सह्या झाल्या असत्या, हे आता सुचतंय.

मंगळवारी पेटी उघडली. पट्टी घेऊन बसलो. सव्वीस फॉर्म झाले आणि सत्ताविसावा हातात आला. चारही श्रेणी उत्तम, अक्षर मोत्यासारखं, आणि पालकाच्या सहीचा रकाना कोरा! शिवाय त्या रकान्याकडे पेन्सिलीने काढलेला एक बारीक बाण. म्हणजे एक चूक सहीची आणि दुसरी कागदावर रेघोट्यांची. मी दोन लाल फुल्या मारल्या.

"कसले हो हे पालक!" मी बाईंना म्हणालो. "मूल बिचारं चार शिक्षकांच्या मागे वणवण करतं, आणि बापाला एक सही करायला फुरसत नाही!"

बाईंनी फॉर्म घेतला, वरचं नाव वाचलं आणि तोंड उघडलं. मी बोट वर केलं. नाव नाही! बाईंनी तोंड मिटलं, पाकिटावर पत्ता चिकटवला आणि फॉर्म टपालात गेला.

गुरुवारपर्यंत चाळीस जणांच्या श्रेणी गेल्या, चाळीस पोचपावत्या आल्या. मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन सत्तावीस नंबरच्या पालकाची गोष्ट रंगवून सांगितली. असल्या माणसांना मुलं होऊच देऊ नयेत, इथपर्यंत गेलो. सगळे हसले. मी दोन बिस्किटं जास्त खाल्ली.

शुक्रवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी खिडकीत आमची लेक दिसली. अंगठ्याचं नख दातात.

"साहेब," ती म्हणाली, "माझ्या अर्जावर अजून 'श्रेणी प्रतीक्षेत' असंच दिसतंय."

मी हसलो. म्हटलं, विद्यापीठाचं यंत्र मंद असेल. आमच्याकडून चाळीस गेल्या. एकच राहिलाय, तो सत्तावीस नंबर, आणि त्याच्या बापाला...

"सत्तावीस माझा नंबर आहे."

मी बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "तुम्हीच सांगितलं होतं, नाव घ्यायचं नाही."

फॉर्म टपालाने घरी गेला होता. माझ्याच घरी! मी तसाच चपला घालून पळत सुटलो. बावीस वर्षांत कामाच्या वेळेत मी पहिल्यांदाच फाटकाबाहेर पडलो असेन, कारण पहारेकऱ्याने मला नाव विचारलं. वीस मिनिटांचा रस्ता मी बारा मिनिटांत कापला. घर उलथंपालथं केलं. कपाटं झाली, गाद्या झाल्या, बुटाचं खोकंही बघितलं. कबुतराने बोटाला चोच मारली. पाकीट नाही! शेवटी बायकोला फोन लावला. ती शाळेच्या मागच्या गल्लीत शिवणाच्या दुकानात काम करते. मागे मशीनची खडखड चालू होती.

"शाळेचं पाकीट? ते कालच आलं. शाळेचा शिक्का होता. शाळेचा कागद घरात उघडायचा नाही ना? तुमच्याच बॅगेत टाकलं. डब्याच्या खाली."

बॅग शाळेत होती, माझ्या खुर्चीला अडकवलेली. कालपासून त्या पाकिटावर मी दोनदा डबा ठेवला होता.

परत पळालो. धापा टाकत पाकीट काढलं, फोडलं, फॉर्मवर तेलाच्या डागाशेजारी सही ठोकली आणि बाईंपुढे धरला. तीन वाजून दहा मिनिटं.

"नियम सहा," बाई म्हणाल्या. "पालकाने रांगेतून यायचं."

त्यांचा आवाज अगदी साधा होता. मी तडक मुख्याध्यापिकाबाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला आणि नियमावली बहुधा पहिल्यांदाच वाचली. बरंच कडक केलंय हो तुम्ही, असं म्हणाल्या. मग म्हणाल्या, की दुसऱ्यांना परत पाठवून तुमच्या मुलीचा फॉर्म आतून घेतला, तर उद्या या खिडकीला काच राहणार नाही. त्यांच्या जागी मीही हेच म्हणालो असतो.

गेलो बाहेर आणि रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढे अकरा माणसं होती. खिडकी बाहेरून इतकी उंच आहे हे मला माहीत नव्हतं. चवड्यांवर उभं राहिल्याशिवाय आतलं टेबल दिसत नाही. रांगेवर छप्पर नाही, बसायला काही नाही, आणि 'शांतता राखा' ही माझ्याच अक्षरातली पाटी बरोबर डोळ्यांसमोर.

पुढचे मिशीवाले गृहस्थ मागे वळले आणि मला ओळखलं. ओळखीच्या दाखल्यासाठी मी त्यांना तीनदा परत पाठवलं होतं, फोटोत डावा कान दिसत नाही म्हणून. त्यांनी खिशातून नवा फोटो काढून माझ्या नाकासमोर धरला.

"या वेळी दोन्ही कान आलेत," ते म्हणाले. "बघून घ्या."

मी बघितले. चांगले कान होते. मला पुढे सोडा असं म्हणायची हिंमत झाली नाही.

लेक समोरच्या पायरीवर बसली होती. दर अर्ध्या मिनिटाला फोनचा पडदा खाली ओढायची, बघायची, पुन्हा ओढायची. रडली असती तरी बरं झालं असतं. पावणेचार झाले, सव्वाचार झाले. काही सुचेना म्हणून मी तिचा फॉर्म वाचायला घेतला, आता पट्टीशिवाय. जीवशास्त्राचे सर म्हणजे कोणाला सहजासहजी चांगलं म्हणणारे नव्हेत, पण त्यांनी सर्वांत वरची श्रेणी दिली होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'ही मुलगी थांबणार नाही.' माझी नजर खाली त्या पेन्सिलीच्या बाणावर गेली. चष्म्याशिवाय मला सहीचा रकाना सापडत नाही, हे जगात फक्त दोघींना माहीत आहे. तो बाण तिने माझ्यासाठी काढला होता, आणि मी त्याच्यावर लाल फुली मारली होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी मिशीवाल्यांच्या पाठीमागे तोंड लपवलं.

साडेचारला खिडकीत पोचलो. बाईंनी फॉर्म घेतला, प्रवेशाची फाईल काढली, एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघितलं.

"सही जुळत नाही."

"अहो, माझीच सही आहे! रोज बघता तुम्ही!"

"तुमचीच आहे. पण फायलीत तुमची सही नाही."

त्यांनी फाईल माझ्याकडे वळवली. बारा वर्षांपूर्वीचा फॉर्म. पालकाची सही, आणि त्यापुढे बायकोचं गोल गोल अक्षर. मग आठवलं. प्रवेशाच्या दिवशी मी रजा घेतली नव्हती. मी खिडकीच्या आत होतो. बायको बाहेर रांगेत, बोट धरून उभी असलेली सहा वर्षांची पोर बरोबर. मी फॉर्म घेतला, शिक्का मारला, पावती दिली आणि म्हणालो होतो, पुढचा.

शाळेत मी तुझा बाबा नाही, असं मी तिला सांगितलं होतं. फाईल तेच सांगत होती. आणि फाईल कधी खोटं बोलत नाही, हे वाक्यही माझंच.

लेकीने पायरीवरूनच आईला फोन लावला. चार वाजून पंचेचाळीस मिनिटांनी बायको आली, गळ्यात मापाची टेप, बाहीला दोरे चिकटलेले. ती रांगेच्या शेवटी उभी राहायला निघाली, तेवढ्यात मिशीवाले दाखला घेऊन परतत होते. ते रांगेला म्हणाले, या ताईंना पुढे जाऊ द्या, आणि माझ्याकडे बोट करून, यांना राहू द्या. सगळी रांग बाजूला झाली. माझ्यासाठी ती कधीच झाली नसती.

आता रकान्यात माझी सही होती, आणि खाडाखोडीला बंदी! बाईंनी फॉर्म हातात धरला. घड्याळाकडे बघितलं, लेकीकडे बघितलं.

"खाडाखोड चालणार नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "पण शेजारी दुसरी सही करू नये, असं नियमात कुठे नाही. इथे करा, बाण आहे तिथे."

बायकोने सही केली. मेल मुख्याध्यापिकाबाईंच्या संगणकावरून जातो, म्हणून बाई त्यांच्या खोलीत धावल्या. त्या धावू शकतात हे मला नवीन होतं. चार वाजून छप्पन्न मिनिटांनी मेल गेला. आम्ही तिघंही लेकीच्या फोनकडे बघत उभे होतो. छप्पन्न. सत्तावन्न. बायकोने टेपचं टोक मुठीत गच्च धरलं होतं. अठ्ठावन्नला पडद्यावर उमटलं, 'श्रेणी प्राप्त.'

"पोचली, बाबा," लेक म्हणाली.

खिडकीसमोर उभी राहून ती बाबा म्हणाली. मी दुरुस्त केलं नाही.

प्रवेशाचा निर्णय अजून यायचाय, आणि अंदाज बांधणं मी सोडून दिलंय. पण सोमवारी मी एक काम केलं. पालक म्हणून माझीही सही फायलीत घ्यावी, असा रीतसर अर्ज भरला आणि पेटीत टाकला. काल टपालाने एक पाकीट घरी आलं. वर लिहिलं होतं, 'पालकांस.' बायकोने लगेच उघडलं. म्हणाली, पालक म्हणजे मीच की!

माझाच अर्ज परत आला होता. 'विद्यार्थिनीशी नाते' हा रकाना मी कोरा सोडला होता. म्हटलं, सगळ्यांना माहीत आहे! बाईंनी त्यावर लाल फुली मारली आहे.

आज सकाळी तो कागद माझ्या बशीशेजारी होता, पेनासकट. त्या रकान्याकडे कोणीतरी पेन्सिलीने बारीक बाण काढला आहे. घरात शाळेचं काम नाही वगैरे मी काही म्हणालो नाही. मी चष्मा शोधतोय.