दृष्टिदोष, आनुवंशिक

सदाहरित अरण्यात दुर्मीळ पक्षी पाहायला जायचे, तर कोणता पक्षी कोणत्या तारखेला किती वाजता दिसणार आहे, हे तीस दिवस आधी लेखी कळवावे लागते. मुलीने कळवले: निळगळ्या, सोळा तारीख, सकाळी साडेसहा. त्याच निळगळ्यासाठी वडील अकरा वर्षे तिथे गेले आणि अकराही वेळा हात हलवत परतले. बाराव्या वर्षी तेच उरले नाहीत.

"ताई, तुमचा अर्ज वडिलांमुळे अडकलाय," परवाना खिडकीतला कारकून म्हणाला.

"ते मार्चमध्ये गेले."

"माणूस जातो हो. फाइल कुठं जाते?"

फाइल जाडजूड होती. सहलीनंतरच्या अहवालात 'दिसला नाही' लिहिले की तीन पानी खुलासा द्यावा लागे. म्हणून गेल्या वर्षी गेलेल्या चारशे बारा जणांपैकी चारशे अकरा जणांना पक्षी दिसला होता. उरलेले एक म्हणजे वडील. त्यांच्या अकरा खुलाशांवर कार्यालयाचा शेरा होता: 'दृष्टिदोष. आनुवंशिक असण्याची शक्यता.'

"सोपं आहे," कारकून म्हणाला. "वारस म्हणून लिहून द्या, त्यांना दिसला होता. अकरा सह्या. उद्या परवाना."

"पण त्यांना नव्हता दिसला."

"कुणाला दिसलाय? आमच्या साहेबांना दोनदा दिसलाय, आणि ते अजून तिकडे फिरकलेलेही नाहीत."

तिने पेन उघडले. शेवटचा खुलासा समोर होता. अक्षर थरथरते, पण ओळी सरळ. 'धुके होते. मी होतो. तो नव्हता. वाट पाहताना कंटाळा आला नाही.' तिने पेनाला टोपण लावले.

कारकून माणूस वाईट नव्हता. डोके खाजवत त्याने नियमांचे पुस्तक चाळले आणि त्याला न-दर्शन परवाना सापडला. पायवाटा झाडणाऱ्यांसाठी असलेला हा परवाना दृष्टिदोष असलेल्याला विनाचौकशी मिळे. अट एकच होती: दुर्मीळ पक्षी समोर आल्यास डोळे मिटून घ्यावेत. तिने सही केली.

सोळा तारखेला अरण्यातल्या मोकळ्या जागेत तिच्याखेरीज ऐंशी परवानाधारक हजर होते. परतीची गाडी पावणेसातला असल्याने रक्षकाने साडेसहालाच अहवाल मागितले. ऐंशी माना लिहायला खाली गेल्या. तेवढ्यात समोरच्या फांदीवर निळगळ्या येऊन बसला, त्याने पंख झटकले, गळा फुगवला. मुलीने डोळे मिटले नाहीत. तो उडून गेल्यावरही बराच वेळ ती त्या हलणाऱ्या फांदीकडे पाहत राहिली. मग तिने अहवालात लिहिले: 'दिसला.'

अटभंगाबद्दल तिला अरण्यात कायमची बंदी झाली. आदेश हातात देताना कारकून हळहळला. "ताई, 'दिसला नाही' असं लिहायचंत. तुम्हाला कोण विचारणार होतं?"

"आमच्या घरात तशी सवय नाही," ती म्हणाली.

बाकीच्या ऐंशी जणांना दर्शनाची प्रमाणपत्रे घरपोच मिळाली. तुमचे आलेच असेल.