जवाईबापू पायी चालत नसतात

सायकल बरोबर घ्यावी असं चंद्रभानला सकाळी अकरा वाजता वाटलं आणि तिथंच सगळं बिघडलं. एरवी कोराडीच्या वीजकेंद्रातला हा कारकून पेन्सिलीला टोकसुद्धा हेडक्लार्कला विचारून काढायचा. पण त्या दिवशी घरात सासू होती, आणि सासूसमोर जावयाला अक्कल सुचतेच.

गोष्ट चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरची. नागपुरात संप होता. शहर बस बंद, एस.टी. बंद, त्यांना पाठिंबा म्हणून रिक्षे बंद, आणि पाठिंबा नेमका कोणाला हे न विचारताच टांगेही बंद. नेमकी त्याच दिवशी, दुपारी चारला, धाकट्या मेहुणीच्या लग्नाची बोलणी सक्करदऱ्याला ठरलेली. पोरगा भिलाईला नोकरीवर, संध्याकाळच्या गाडीनं परत निघणार. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईकडे उमरेडचं स्थळ यायचं होतं. म्हणजे आज चार वाजता पोचलो तर पोचलो, नाहीतर पोरगी पुन्हा वर्षभर घरात! सासूबाई तुळजाबाई विधवा, सावनेरजवळची सहा एकर शेती स्वतः वाहणाऱ्या. बोलणी करायला घरात पुरुषमाणूस म्हणाल तर एकच, थोरला जावई. म्हणजे चंद्रभान. (इलाज नव्हता.)

कोळसा उतरवून परत चाललेल्या ट्रकनं दोघांना सायकलीसकट सदरला आणून सोडलं. तिथून पुढं सगळं शहर ओलांडायचं होतं.

"मामी, मागं कॅरिअरवर बसा," चंद्रभान म्हणाला. (सासूला मामी म्हणायची त्यांच्याकडे रीत.) "अर्ध्या तासात पोचवतो."

"जावयाच्या सायकलीवर मी बसू? लोकं तोंडात शेण घालतीन ना माह्या!"

"मग दोघंही पायी चालू."

"जवाईबापू पायी चालत नसतात," तुळजाबाई पदर सारखा करत म्हणाल्या. "तुमी बसा. मी हाये मांगं."

झालं! जावई सायकलीवर, सासू पायी, आणि वेग मात्र सासूचाच जास्त.

कस्तुरचंद पार्कापाशी आल्यावर चंद्रभानचा आ वासला तो वासलाच. अख्खं नागपूर रस्त्यावर उतरलं होतं. वकील काळे कोट खांद्यावर टाकून चालले होते, नर्सबाया चपला हातात घेऊन चालल्या होत्या, एका बैलगाडीत कोणी मोठे साहेब मांडीवर फायली घेऊन बसले होते आणि गाडीवान त्यांनाच 'जरा सरका गा' म्हणत होता. एक मास्तर डोक्यावर हार्मोनियम घेऊन निघाले होते. दहा वर्षं या शहरात येणंजाणं, पण इथं एवढी माणसं राहतात हे चंद्रभानला त्या दिवशी कळलं. बसमध्ये बसून फक्त पुढच्याची मानच दिसते हो!

"बापा! पोळ्यालेबी इतके बैल जमत नाही," तुळजाबाई म्हणाल्या.

या पाहण्याच्या नादात सीताबर्डीवर सायकल एका खड्ड्यात गेली. खाडकन चेन तुटली. चंद्रभान उतरायला लागला तर खांद्यावर हात पडला.

"बसूनच राहा. तीन वाजून राहिले."

आणि तुळजाबाईंनी एका हातानं सीट, दुसऱ्या हातानं कॅरिअर धरून सायकल ढकलायला सुरुवात केली.

"अवो मामी, लोकं पाहून राहिले!"

"पाहू द्या. जावयाचा मान कसा ठेवतात, थे समजन त्याईले."

पायांचं काय करावं ते चंद्रभानला कळेना. शेवटी त्यानं ते दोन्हीकडे नुसते लोंबत सोडले. पुढं चढ आला. ऑफिसचा एक जिना चढला की चंद्रभानला पाणी लागायचं, पण या बाईचा श्वाससुद्धा बदलला नाही. गर्दी आपोआप दुभंगली. एका पोलिसानं सगळ्यांना थांबवून वाट करून दिली. महालातल्या दुकानदारांनी उठून पाहिलं. चंद्रभानचं मन भरून आलं. ही बाई आहे की काय आहे! खाली उतरून तिच्या पाया पडावं असं त्याला फार वाटलं, पण हँडल सोडायची सोय नव्हती.

पावणेचारला सक्करदरा आला. पोराची आई कांताबाई पाय धुवायला पाण्याची बादली घेऊन दारातच उभी होती. तिनं सायकल पाहिली, घामानं भिजलेल्या तुळजाबाई पाहिल्या, लोंबते पाय पाहिले, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"अरे श्रीधर, उचल त्याईले!"

श्रीधरनं, म्हणजे पोरानं, चंद्रभानला अलगद उचलून खाटेवर ठेवलं. चंद्रभान "अहो, मी..." म्हणेपर्यंत पाठीशी दोन उशा आल्या.

"खरं सांगतो बाई," कांताबाई तुळजाबाईंचे हात धरून म्हणाली, "मनात नव्हतं माह्या. उमरेडवाल्यायचं पक्कं करणार होतो. पण अधू जावयाले जे बाई असं जपते, तिची पोरगी माह्या घरात आलीच पाहिजे!"

चंद्रभाननं जमिनीकडे चाललेला पाय मुकाट्यानं वर घेतला. मेहुणीसाठी जन्मभर लंगडं राहायची त्याची तयारी होती. पण तुळजाबाईंना खोटं कधी पचलंच नाही.

"बाई, जवाईबापूचे पाय धडधाकट हायेत."

चंद्रभाननं वर घेतलेला पाय पुन्हा खाली सोडला. गेलं स्थळ!

"मंग ढकलत काहून आणलं?"

"चेन तुटली."

"मंग हे उतरून चालले काहून नाही?"

कांताबाईनं चंद्रभानकडे पाहिलं. तुळजाबाईंनीही पाहिलं. चंद्रभाननं प्रामाणिकपणे विचार केला, पण उत्तर त्यालाही सापडेना.

कांताबाईचे डोळे पुन्हा भरून आले. "पायाचं असतं त बरं होतं हो, विहीणबाई. हे त डोक्याचं निघालं! अन् तरीबी तुमी इतकं करून राहिल्या? आना सुपारी, फोडूनच टाका."

थोरल्या जावयाचा मान म्हणून चंद्रभान ताडकन आपल्या पायांवर उभा राहिला आणि अडकित्ता उचलायला पुढं वाकला. श्रीधरनं तो हळूच त्याच्या हाताखालून काढून घेतला.

"राहू द्या भाऊजी," तो प्रेमानं म्हणाला, "लागून जाईन तुमाले."