पाच बादल्या आणि सहावं रोप

सहदेवरावांनी चुलीत सळई लाल केली आणि रंगाच्या रिकाम्या बादलीच्या बुडाजवळ दाबली. प्लास्टिक चर्र करून वितळलं. भोक पडलं, पण गोल पडलं नाही, आंब्याच्या कोयीसारखं पडलं. अशी पाच बादल्यांना पाच भोकं पडली. त्यात पाइप बसवले आणि पाणी सोडलं, तर जेवढं पाणी पाइपातून गेलं तेवढंच बाजूने बाहेर आलं.

मातीशिवाय बादलीत झाड वाढवायची ही युक्ती त्यांच्या मुलाने, विपुलने, मोबाइलवर दाखवली होती. विपुल बडनेऱ्याला रेल्वेत होता. बादलीत विटांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या भरायच्या, त्यात रोप लावायचं आणि ड्रममधलं खताचं पाणी कूलरच्या पंपाने सगळ्या बादल्यांतून फिरवायचं. तेच पाणी परत ड्रममध्ये येतं, म्हणून पाणी थोडंच लागतं. त्या वर्षी शेतातल्या विहिरीने तळ दाखवला होता आणि अकोटात त्यांच्या गल्लीला नळ आठ-आठ दिवस येत नव्हता. थोडं पाणी म्हटल्यावर सहदेवराव तयार झाले.

त्यांना वांगं हवं होतं. फार नको, एका भरितापुरतं. अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बायकोच्या, मनकर्णाबाईच्या, नावाने पहिली घागर भरायची होती. बाईला जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या आवडीचं पान वाढतात, आणि तिला भरीत आवडायचं. शिवाय ती जन्मभर नवऱ्याला चिडवायची, "तुमाले पऱ्हाटीशिवाय काही येत नाही. एक वांगं पिकवून दाखवा, मंग मी तुमाले कास्तकार म्हनीन." सहदेवराव शेतात फक्त कपाशीच लावत. ते दरवेळी म्हणायचे, "औंदा नाही, पुढच्या साली." आता पुढची सालं संपली होती. पैज तेवढी उरली होती.

माघ महिन्यात रोपवाटिकेतून त्यांनी सहा रोपं आणली. पाच बादल्यांत लावली. सहावं मरतुकडं होतं, ते कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते तिथे नव्हतं. बकरीने खाल्लं असेल, असं म्हणून त्यांनी तो विषय सोडला, कारण गळतीचा विषय मोठा होता.

बादल्या भिंतीला लागून होत्या. गळणारं पाणी भिंतीतून झिरपून पलीकडे अब्दुल रहीमच्या आवारात जायचं. रहीमभाईचं बाजारात गाद्या-रजयांचं दुकान. पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजणारं घर. पहिल्याच आठवड्यात भिंतीवरून नसीमबानोचं, म्हणजे रहीमभाईच्या बायकोचं, डोकं वर आलं. तिने बादल्यांकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि काही न बोलता डोकं खाली गेलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सहदेवराव ड्रमच्या आड बसून राहिले.

संध्याकाळी त्यांनी रहीमभाईला गाठलं.

"भाभी रागावली काय हो?"

"काही बोलत नाही."

"मंग बरं हाय."

"बरं काय हाय भाऊ? माया संग तं दिवसभर बोलते. जे गोष्ट थे बोलत नाही, थे मोठी असते."

सहदेवरावांची झोप उडाली. शेजार चाळीस वर्षांचा. मनकर्णाबाईच्या आजारपणात याच बाईने महिनाभर डबा दिला होता. आणि आता आपण तिची भिंत पाडणार!

मग दुरुस्त्या सुरू झाल्या आणि दोन महिने चालल्या. आधी एमसील लावलं. ते ओल्या प्लास्टिकला चिकटलं नाही, सहदेवरावांच्या बोटांना मात्र दोन दिवस चिकटून राहिलं. मग सायकलची जुनी ट्यूब कापून, सोल्यूशन लावून पट्ट्या डकवल्या. अकोटच्या उन्हात सोल्यूशन पातळ झालं आणि पट्ट्या जिभांसारख्या लोंबायला लागल्या. फोनवर विपुल म्हणाला, "बाबा, वायसर टाका, वायसर."

"टाकलं."

"कुठून?"

"दुकानातून."

"तसं नाही. आतून टाकलं का भाईरून?"

"भाईरून. आत पानी हाय, हात कसा घालू?"

विपुल म्हणाला, "मी सुट्टी भेटली की येतो. तवरीक काही करू नका."

पण अखजी जवळ येत होती आणि नसीमबानोचं डोकं रोज सकाळी वर येत होतं. शेवटी रहीमभाईनेच उपाय सांगितला. "कापूस कोंबा भाऊ. दाबून दाबून कोंबला का कापूस दगड होते. माया गादीतून सुई जात नाही, पानी काय जाईन?"

सहदेवरावांना हे एकदम पटलं. भाव वाढेल म्हणून ठेवलेला कापूस पुढच्या खोलीत छतापर्यंत भरलेला होताच. त्यांनी त्यातला चांगला लांब धाग्याचा निवडला, सरकी काढली आणि तळहाताने मांडीवर वळला. मनकर्णाबाई देवाच्या दिव्याला वळायची तसाच. ती गेल्यापासून वाती तेच वळत होते, त्यामुळे हात बसलेला होता. प्रत्येक पाइपाभोवती त्यांनी पीळ कोंबला. उरलेली टोकं कापायला जीव झाला नाही. इतका चांगला धागा! ती त्यांनी भिंतीच्या भेगांत व्यवस्थित सोडून दिली.

संध्याकाळपर्यंत थेंब पडला नाही. रहीमभाईने पाहून मान डोलावली. "आता बोला!"

सकाळी पाचही टोकांतून पाणी टपकत होतं. एकसारखं, न थांबता, भिंतीपलीकडे.

त्यांनी आणखी कापूस कोंबला. तो आतल्या बाजूने सुटला, पाइपातून वाहत गेला आणि ड्रमकडे परत येणाऱ्या नळीत बोळा होऊन बसला. दुपारी सहदेवराव जेवून आडवे झाले. पंप चालू होता. पाणी बादल्यांत जात राहिलं, परत येईना. शेवटची बादली भरून वाहायला लागली. पाणी अंगणातून दाराबाहेर, दाराबाहेरून गल्लीत.

आठ दिवस नळ न आलेल्या गल्लीत वाहतं पाणी दिसल्यावर काय होणार? "पाइप फुटला व माय!" म्हणून कोणीतरी ओरडलं आणि घागरी, तपेली, कळशा घेऊन सगळ्या बाया धावल्या. सहदेवराव डोळे चोळत बाहेर आले तेव्हा समोरच्या जयवंताबाई त्यांच्या उंबऱ्याला ताट लावून पाणी घागरीत वळवत होत्या.

"सहदेवभाऊ, पानी हिरवं काहून हाय?"

"त्यात खत हाय, जयवंताबाई. पिऊ नका!"

"आता सांगता?" त्यांनी घागर पाहिली, विचार केला आणि ताट पुन्हा लावलं. "संडासले तं चालते."

पंप बंद करेपर्यंत ड्रम रिकामा झाला होता. उन्हाने रोपांनी माना टाकल्या. तिसऱ्या बादलीतल्या झाडाला गोटीएवढं एक वांगं धरलं होतं, तेवढं एकच. संध्याकाळी ते देठासकट गळून पडलं. सहदेवरावांनी ते तळहातावर घेतलं आणि बाजेवर बसून राहिले. गल्लीतल्या प्रत्येक घरून थोडं-थोडं चांगलं पाणी आलं, ड्रम अर्धा भरला. पण चार दिवसांत वांगं कुठून येणार?

दुसऱ्या दिवशी विपुल बायकोला घेऊन आला. त्याने बादलीभोवतीचा कापूस उपसून काढला आणि बापासमोर धरला.

"बाबा, हे काय हाय?"

"कापूस."

"वात हाय वात! वात तेल वढते, मंग पानी वढनार नाही काय?"

सहदेवरावांनी रहीमभाईकडे पाहिलं. रहीमभाईने सहदेवरावांकडे पाहिलं. दोघांचाही जन्म कापसात गेला होता.

"मी गादीच्या हिशेबानं सांगतलं होतं," रहीमभाई म्हणाला आणि दुकानाची आठवण होऊन निघून गेला.

विपुलने मोठे रबरी वायसर आणले होते. आतून एक, बाहेरून एक, वरून नट आवळला. चहा गार व्हायच्या आत पाचही बादल्या बाहेरून कोरड्या. भिंतही दोन दिवसांत कोरडी झाली. सहदेवरावांना वाटलं, वांगं नाही तर नाही, निदान शेजार तरी वाचला.

अखजीच्या सकाळी नसीमबानो भिंतीवरून नाही, सरळ फाटकातून आत आली. पदर खोचलेला, चेहरा तापलेला.

"सहदेवभाऊ, ये क्या किया तुमने?"

"भाभी, आता गळत नाही. पाहा, एक थेंब नाही."

"वोच तो! काहून बंद केलं? कोणी सांगतलं तुमाले बंद करायले?"

ती सहदेवरावांना तशीच आपल्या आवारात घेऊन गेली. भिंतीच्या बुडाशी, जिथे कापसाची टोकं टपकत होती, नेमकं तिथे वांग्याचं झाड उभं होतं. कमरेएवढं, गर्द. त्याला काळीभोर वांगी लटकली होती. पानं मात्र कालपासून सुकायला लागली होती.

"तुमारा वो पौधा भिंतीवरून गिरा था. मैंने ओली जागा पाहून खोचला. रोज सुबह पाहत होती, पानी येते का नाही. बोलली असती तं तुमी सुधरवलं असतं! इसीलिए मुँह बंद रखा. मुँह बंद ठेवनं मले किती भारी गेलं, यांना विचारा."

"गप काहून होती थे मलेबी आजच समजलं," दारातून रहीमभाई म्हणाला.

नसीमबानोने तीन मोठी वांगी तोडली आणि पदरात धरून सहदेवरावांपुढे केली. आवाज उतरला. "मनकर्णाभाभीच्या पानाले. भरीत मी भाजून देऊ का तुमी भाजता?"

"मीच भाजतो," सहदेवराव म्हणाले आणि वांगी दोन्ही हातांत घेतली.

दुपारी घागर भरली, पान वाढलं. विपुल आणि सून सीमा नमस्कार करून उठले. सहदेवराव पानासमोर एकटेच बसले.

"घे," ते हळूच म्हणाले. "वांगं पिकलं. मी पिकवलं असं म्हनत नाही. मी बंद करत होतो, थे गळत होतं. गळलं थेच पिकलं. आता कास्तकार म्हन, नाही तं नको म्हनू."

थोडा वेळ बसून ते उठले. देवापाशी वळून ठेवलेल्या वातींतली एक लांब वात घेतली, भिंतीकडे गेले आणि पान्याने तिसऱ्या बादलीचा नट सैल केला.

आतून विपुलचा आवाज आला, "बाबा, टपकल्यावानी काय वाजून राह्यलं?"

"काही नाही," सहदेवराव म्हणाले आणि वातीचं टोक भिंतीच्या भेगेत सारलं. पलीकडे नसीमबानोचं डोकं वर आलं, तिने वातीकडे पाहिलं आणि काही न बोलता डोकं खाली गेलं.